क्षेमाच्या पत्रांची थैली

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मधेच विचारू नका. राजाचा हुकूम नगाऱ्यावरून कळायचा आणि पत्राला माणसाचे पाय लागायचे, त्या काळची समजा.

एका राज्याचा राजा वारला. त्याला दोन मुलगे होते. थोरला म्हणाला, गादी माझी. धाकटा म्हणाला, गादी माझी. गादी एकच होती आणि खरं सांगायचं तर तीही चांगलीच मळलेली होती. पण हट्ट कोणी सोडेना. थोरल्याने डोंगराकडचा किल्ला धरला, धाकट्याने नदीकाठचा, आणि दोघांचे नगारे गावोगाव फिरू लागले.

ज्याचा नगारा गावात आला त्याने दिसतील ती तरणी पोरं उचलली. कोणाची बाजू खरी, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. गोदाक्का नावाच्या एका विधवेचे तर दोन्ही मुलगे गेले. थोरल्याचा नगारा आला तेव्हा हैबती बैलांना पाणी पाजून परतत होता, तो थोरल्याच्या फौजेत गेला. पुढच्या महिन्यात धाकट्याचा नगारा आला तेव्हा बाबजी अंगणात जेवत बसला होता, तो धाकट्याच्या फौजेत गेला. भावाभावांत वैर म्हणाल तर आदल्या दिवशीपर्यंत दोघे एका घोंगडीत झोपत होते.

त्या दोन राजपुत्रांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. शिपायांची पत्रं घरी गेली पाहिजेत आणि घरची शिपायांना मिळाली पाहिजेत, नाहीतर फौज टिकायची नाही. म्हणून दोघांनी मिळून एक जासूद नेमला. त्याचं नाव सुभाना. डोक्याला पिवळं पागोटं आणि खांद्याला थैली. पिवळं पागोटं दिसलं की कोणत्याही चौकीने त्याला अडवायचं नाही, असा करार झाला.

करारात आणखी एक कलम होतं. जासुदाने पत्र न्यावं, पत्र आणावं, पण डोळ्यांनी पाहिलेलं तोंडाने कुणाला सांगू नये. इकडची बातमी तिकडे फुटेल, अशी दोघांनाही भीती. तोंड उघडलं तर पागोटं जाणार आणि पाठीवर कोरडे बसणार.

सुभानाचे पाय चांगले होते आणि स्वभाव चिडका. वाटेत तो दगडांवर चिडायचा, काट्यांवर चिडायचा. पण सगळ्यात जास्त तो चिडायचा ते थैलीतल्या पत्रांवर. का, ते ऐका.

त्या राज्यात पत्रांची एक रीत होती. शुभ पत्राच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावायचं. घरात माणूस गेलं तर पत्राचा कोपरा फाडायचा. फाटक्या कोपऱ्याचं पत्र उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेर झाडाखाली वाचायचं, अंघोळ करायची, मगच घरात पाऊल टाकायचं. असं पत्र शिपायाला आलं तर तो सुतकात. सुतकातल्या माणसाच्या हाती शस्त्र द्यायचं नाही, त्याला त्याच पावली घरी पाठवायचं. हे दोन्ही फौजांत पाळलं जाई.

इथवर ठीक होतं. पण कोपरा फाडायचा तो माणूस मेल्यावरच, आणि एरवीचं प्रत्येक पत्र शुभ. शुभ पत्रात वावगा शब्द लिहायचा नाही, कारण कागदावर उतरलेलं वाईट खरं होतं, अशी लोकांची पक्की समजूत. म्हणजे माणूस धडधाकट असो की अंथरुणाला खिळलेला, पोट भरलेलं असो की पाठीला लागलेलं, पत्रात आपलं एकच: इकडे सर्व क्षेम, तिकडचं क्षेम कळवावं. जगणं आणि मरणं यांच्या मधलं काही लिहायची सोयच त्या शहाण्या लोकांनी ठेवली नव्हती!

आणि सुभाना तर दोन्ही टोकं आपल्या डोळ्यांनी बघत होता.

सुगी तोंडावर आली होती. थोरल्याच्या छावणीत कारकून झाडाखाली बोरू घेऊन बसला होता आणि शिपाई एकेक करून पत्रं सांगत होते. हैबतीची पाळी आली. सुभानाने त्याच्याकडे पाहिलं. गडी उभा होता एवढंच. बरगड्या वर आल्या होत्या, डोळे आत गेले होते. छावणीतलं धान्य केव्हाच संपलं होतं आणि फौज टाकळ्याचा पाला उकडून खात होती.

"लिवा," हैबती म्हणाला. "हिकडं समदं क्षेम हाय. रोज भात असतुया, वर तूप असतंय. आई, माजी काळजी करू नगंस."

"तूप?" सुभानाला राहवलं नाही.

"मग काय पाला खातुया म्हून लिवू? रडंल की ती."

"रडू दे की! रडली तर भाकरीचं गठुडं तरी धाडंल."

"शुभ पत्रात असलं लिवत न्हाईत, काका."

"आणि तूप एकदाच सांगा," कारकून मान वर न करता म्हणाला, "शाई संपत आली आहे." त्याच्याही ओठांना पाल्याचा हिरवा डाग होता.

सुभानाने कपाळाला हात लावला, पत्र थैलीत टाकलं आणि नदीकाठची वाट धरली.

धाकट्याच्या छावणीत बाबजी पत्र सांगायला आलाच नाही. तो राहुटीत पडून होता. अंगात ताप फणफणत होता आणि दोन घोंगड्या घालूनही दात वाजत होते. कारकूनच राहुटीच्या दाराशी येऊन बसला.

"समदं क्षेम," बाबजी कुडकुडत म्हणाला. "वाईच सर्दी झाली हुती... न्हाई, ते खोडा. सर्दी नगं. नुसतं क्षेम लिवा."

सुभाना वाकून म्हणाला, "पोरा, तुजी आई जवळ असती तर काढे करून तुला उठिवलं असतं तिनं."

"काका, तिला सांगू नगा. शपथ हाय माजी. उगा जिवाला घोर लावून घील."

करार होताच, त्यावर आता शपथही झाली. सुभाना चरफडत बाहेर पडला.

गावात पोचला तेव्हा गोदाक्का ओट्यावर बसली होती आणि तिचा उजवा हात फडक्याने गळ्यात बांधला होता. पाखरं राखायला ती माळ्यावर चढली होती, तिथून पडली. रानात जोंधळा कणसांनी वाकला होता. कापायला माणूस नव्हतं, पाखरं मनसोक्त खात होती आणि ही डाव्या हाताने चार कणसं खुडून आणायची, त्यावर दिवस काढायची.

आता हेही सांगायला हवं की दोन्ही फौजांत सुगीच्या रजेची जुनी चाल होती. घरून पत्रात 'ये' एवढं लिहून आलं, तरी त्या शिपायाला कापणीपुरतं सोडत. सुगी सरली की मोठी लढाई जुंपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे पोराला जिवंत घरी आणायचं तर ते याच फेरीत.

देवळाचा गुरव गावाची पत्रं वाचायचा आणि लिहायचा. त्याने दोन्ही मुलांची पत्रं गोदाक्काला वाचून दाखवली. तूप ऐकून तिचा चेहरा फुलला.

"बग, सुभाना. लेकराला तूप मिळतंय."

सुभाना नुसता पागोट्याची टोकं ओढत बसला.

"लिव रं गुरवा, दोगास्नी बी एकच लिव. हिकडं समदं क्षेम. जोंधळा कापून झाला. यायची घाई करू नगा."

सुभाना ताडकन उठला. "अक्का, तुजा हात गळ्यात हाय!"

"म्हाईत हाय मला."

"जोंधळा रानात उभा हाय!"

"त्ये बी म्हाईत हाय."

"मंग ये म्हून लिव की! तेवढं लिवलंस तर पोरं दारात उभी ऱ्हातील."

"आन् हितं येऊन खातील काय, कणसं? तितं भात-तूप मिळतंय तर खाऊ दे की चार दिस. हाताचं कळलं तर दोगं बी लढाई सोडून पळत येतील."

"येऊ देत की पळत!"

"तू उगा का खेकसतुयास माज्यावर?" गोदाक्का म्हणाली. "आन् वाईट लिवलं की त्ये खरं हुतं, ठावं न्हाई का तुला?"

"अगं, ते खरं हायच की आधीपासनं!" सुभाना ओरडला.

त्याच्या जिभेवर पुढचं सगळं आलं होतं. पाला, बरगड्या, ताप. पण समोर गुरव कान टवकारून बसला होता. गुरवाला कळलं की दिवस मावळायच्या आत ते चार गावांत पसरणार. पागोटं आठवलं, कोरडे आठवले, बाबजीची शपथ आठवली. त्याने ओठ मिटले, पत्रं थैलीत टाकली आणि निघाला. गावोगावची पत्रं अशीच त्याच्यासमोर मोठ्याने सांगून लिहून घेतली होती, त्यामुळे सगळा मजकूर त्याला ठाऊक होता. त्या पत्रांतल्या एकाही घरात एकही माणूस उपाशी, आजारी किंवा दुःखी नव्हतं. असं सुखी राज्य पृथ्वीवर दुसरं नसेल.

घाटाच्या निम्म्यावर सुभाना एका दगडावर मटकन बसला. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"भूक लागली म्हणायला ह्यांची जीभ झडतीया!" तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून त्याने मन मोकळं केलं. "आई पोरासाठी खोटं बोलतीया, पोरगा आईसाठी खोटं बोलतुया, आन् मी गाढवासारखा दोगांचं खोटं वाहतुया! वर बोलायचं न्हाई, हा करार!"

मग तो थांबला. बोलायचं नाही असा करार होता. फाडायचं नाही असं कलम त्यात कुठंच नव्हतं.

त्याने थैली मांडीवर रिकामी केली आणि एकेका पत्राचा कोपरा फाडायला सुरुवात केली. हैबतीच्या नावचं फाडलं, बाबजीच्या नावचं फाडलं. दोन्ही फौजांतल्या पोरांना घरून आलेली सगळी पत्रं फाडली. हळद-कुंकवाचे कपटे वाऱ्यावर सोडून दिले आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

थोरल्याच्या छावणीत हाहाकार उडाला. ज्याला बघावं त्याच्या हातात फाटक्या कोपऱ्याचं पत्र. कारकून छावणीबाहेरच्या झाडाखाली जाऊन वाचायला बसला आणि पहिलंच पत्र वाचून गोंधळला.

"हैबती, अरे रडतोस काय? इकडे सर्व क्षेम, असंच लिहिलंय. जोंधळा कापून झाला म्हणते तुझी आई. मजकूर चांगला आहे."

"मजकूर कवा वाईट असतुया?" हैबती हुंदके देत म्हणाला. "म्या न्हाई का तूप लिवलं?"

प्रत्येकाला आपापलं तूप आठवलं. आपण जसं लिहितो तसंच घरचेही लिहीत असतील, हे एवढ्या दिवसांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता सगळ्यांच्या एकदम आलं. भाले जमिनीवर पडले आणि माणसं गावाच्या वाटेला लागली. कारकूनही बोरू टाकून त्यांच्यामागे पळाला.

सरदार आडवा आला. "थांबा! सगळ्या मुलखात एकाच वेळी सुतक? हे शक्य तरी आहे का?"

सुभानाने मुकाट्याने त्याचं पत्र त्याच्या हातात दिलं. सरदाराने कोपरा पाहिला आणि तो सगळ्यांच्या पुढे धावत सुटला.

धाकट्याच्या छावणीतही तेच झालं. पोरं पत्रं घेत होती आणि पळत होती. सुभाना आनंदाने थैली रिकामी करत होता. शेवटी हातात एकच पत्र उरलं.

"बाबजी कुठं हाय?" त्याने विचारलं. "राहुटीतच हाय का आजून?"

बाबजीचा सोबती पुढे आला. त्याने सुभानाच्या हातातलं पत्र घेतलं नाही, उलट गोदाक्काच्या नावचं आपल्या हातातलं पत्र त्याच्यासमोर धरलं. त्याचा कोपरा सकाळीच कारकुनाने फाडला होता.

"काल गेला," तो म्हणाला. "ताप उतरलाच न्हाई. जाईस्तोवर म्हणत हुता, आईला कळवू नगा."

सुभानाने ते मरणाचं पत्र थैलीत ठेवलं आणि चालू लागला. त्या वाटेवर तो कशावरच चिडला नाही.

गावात सगळी पोरं त्याच्या आधी पोचली होती. घराघरांतून आरडाओरडा चालला होता, आणि तो सगळा हसत-रडत भांडणाचा. घरचं माणूस मेलं समजून पळत आलेल्या पोरांना आया दारात उभ्या दिसल्या होत्या, आणि पोरं तूप खाऊन गुटगुटीत झाली समजून बसलेल्या आयांना समोर हाडांचे सापळे दिसले होते.

"भात-तूप खात हुतास न्हवं?" गोदाक्का हैबतीच्या पाठीवर डाव्या हाताने धपाटे घालत होती.

"आन् तू जोंधळा कापून बसली हुतीस न्हवं?" हैबती धपाटे खात विचारत होता आणि त्याच वेळी तव्यावरची भाकरीही खात होता.

कोपरे कोणी फाडले, हे सगळ्यांनी आपापसांत ताडलं होतं. सुभाना दिसताच गोदाक्का हसत पुढे आली.

"ये, चोरा! आमास्नी समद्यास्नी मारून टाकलंस व्हय रं? ये, भाकरी खा. बाबजी कवा येतुया? त्यो वाटंत हाय न्हवं?"

सुभानाने पत्र पुढे केलं. फाटका कोपरा बघून ती आणखीच हसली.

"ह्यो बी फाडलास? बास कर आता तुजं!" असं म्हणून ती पत्र घेऊन उंबरा ओलांडून सरळ घरात गेली आणि तिने ते चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवून दिलं. "गुरव आला की वाचंल निवांत. बस तू."

फाटका कोपरा म्हणजे मरण, हे त्या राज्यात लहान पोरालाही कळत होतं. ती एकच खूण लोक खरी मानत होते. सुभानाने तीही खोटी करून ठेवली होती. आता सांगायला त्याच्याकडे तोंडाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

त्याने डोक्यावरचं पिवळं पागोटं काढून ओट्यावर ठेवलं.

"अक्का, त्यो कोपरा म्या फाडला न्हाई."

गोदाक्का दारात थांबली.

"बाबजी गेला, अक्का. तापानं गेला."

हैबतीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. गोदाक्काने सुभानाच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती खाली बसली.

"तू त्येला बघितलं हुतंस?"

"हुतं."

"कवा?"

"मागल्या फेरीला. तवाच ताप हुता. सांगू नगा म्हून त्येनं शपथ घातली. करार बी हुता. म्या... म्या त्येला धाडलेल्या तुज्या पत्राचा बी कोपरा फाडला, अक्का, त्येनं घरी यावं म्हून."

"हितंच बसला हुतास की तू," गोदाक्का हळू म्हणाली. "ह्याच ओट्यावर. किती वरडलास माज्यावर, समद्या जगावर वरडलास. येवढं मातुर बोलला न्हाईस."

सुभानाने ओट्यावरचं पागोटं दूर सारलं.

"माजा हात मोडला हुता, सुभाना. पाय धड हुते. म्या चालत गेले असते."

आयुष्यभर साऱ्या जगावर चिडलेल्या त्या माणसाला चिडायला आता दुसरं कोणी सापडलं नाही. हैबती पत्र आत नेलं म्हणून आईला काही बोलला नाही. तो तिच्याजवळ जाऊन बसला, आणि तिने पहिला हंबरडा फोडला तो त्याच्या खांद्यावर.

शिपाई फौजेत परत गेले नाहीत. दोन राजपुत्रांकडे दोन किल्ले आणि चार नगारे उरले. नगारा वाजवणाऱ्यांनीही जेवण मिळेना म्हणून काम सोडलं, तेव्हा दोघांनी झक मारत राज्य वाटून घेतलं. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, पण ते त्यांना सांगायचं कोणी? करार मोडला म्हणून सुभानाला कोरडे मारायला राजपुत्रांची माणसं आली, तेव्हा तो गोदाक्काच्या रानात हैबतीबरोबर जोंधळा कापत होता. त्याने विळा खाली ठेवला आणि पाठ पुढे केली. शिक्षा जरा कमीच झाली, असं तो नंतर म्हणाला.

गोदाक्काने त्याला घरातून हाकललं नाही, पण ती त्याच्याशी पूर्वीसारखी कधी बोललीही नाही. पुढे त्या राज्यात जासूद दारात आला की आधी पाहिलेलं तोंडाने सांगायचा, मग पत्र हातात द्यायचा. कोणी पत्रात 'सर्व क्षेम' लिहायला सांगितलं, तर लिहिणारा बोरू थांबवून त्याच्या तोंडाकडे बघायचा.

म्हणून, लहानथोर हो, एवढं ध्यानात ठेवा: काळजी वाटू नये म्हणून आपल्या माणसापासून दडवलेलं दुःख कमी होत नाही, ते फक्त त्याला उशिरा कळतं.